सह्याद्रीत एकट्याने दिवसाचा ट्रेक आणि वन्यप्राणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरून गवत पिवळं पडायला लागलं की हे प्रश्न दरवर्षी येतात. विचारणारे बहुतेक जण पाच-सात ट्रेक ग्रुपबरोबर केलेले असतात आणि आता त्यांना एकट्याने जायचं असतं. रात्रीच्या मुक्कामाचा विचार इथे केलेला नाही. सकाळी चढून उजेड आहे तोवर पायथ्याला परतणाऱ्यासाठी ही उत्तरं आहेत.

बिबट्या भेटला तर?

पहिला प्रश्न कायम हाच असतो, म्हणून उत्तरही आधी त्याचंच. सह्याद्रीत बिबट्या जवळपास सगळीकडे आहे. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. जंगल जवळपास नसलेल्या, उसाच्या आणि वस्तीच्या त्या भागात त्यांना दर शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक बिबटे आढळले. म्हणजे कळसूबाईच्या तालुक्यातली माणसं रोज बिबट्याच्या शेजारीच झोपतात आणि उठतात. मी याच मुलखात बरीच वर्षं फिरतोय. चिखलातले ठसे असंख्य वेळा पाहिले, प्राणी मात्र दोनदाच, आणि त्यातही एकदा नुसती शेपटी. त्याने मला किती वेळा पाहिलं असेल, ते त्यालाच ठाऊक.

दिवसाउजेडी, उभ्याने चालणारा मोठा माणूस हे बिबट्याचं भक्ष्य नव्हे. गडबड होते ती झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजेला, आणि तेव्हाही वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसाशी. म्हणून अंधार पडायच्या आत खाली या आणि पहाटेच्या अंधारात झुडपाआड एकटे परसाकडे बसू नका.

समोरासमोर आलाच तर थांबा. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, खाली बसायचं नाही. हात वर करा, सॅक डोक्यावर धरा, मोठ्या आवाजात काहीही बोला आणि त्याच्याकडे बघत पावला-पावलाने मागे सरका. त्याला निघून जायला वाट मोकळी असली पाहिजे. फोटोचं विसरा. पिल्लं दिसली तर आई हाकेच्या अंतरावर आहे असं धरून आल्या वाटेने परत फिरा.

मग खरी भीती कशाची धरायची?

आग्या मोहोळ, फुरसं-घोणस आणि विंचू. या क्रमाने. यांतलं कुणीही तुमच्या मागावर नसतं. चुकीच्या जागी तुमचा हात किंवा पाय पडतो, नाहीतर आवाज होतो. ग्रुपमध्ये असलात तर दहा मिनिटांत कुणीतरी पळत खाली जातो, कुणी पाणी पाजतो, कुणी फोनची रेंज शोधतो. एकटे असलात की ही तिन्ही कामं तुमचीच, आणि तीही सुजलेल्या पायाने. या पानावरची बरीचशी उत्तरं त्यासाठीच आहेत.

आग्या मोहोळ लांबून ओळखायचं कसं?

कड्याखाली, लेण्यांच्या कपाळपट्टीवर, वडा-पिंपळाच्या उंच फांदीखाली काळपट अर्धवर्तुळ लटकलेलं दिसतं. मीटरभर रुंद असू शकतं, आणि एकाच कड्यावर अशी दहा-वीस पोळी ओळीने असतात. लांबून ते शेवाळाचा डाग वाटतं. नीट बघत उभे राहा. तो डाग थरथरतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चकाकती लाट सरकत जाते, वाऱ्यावर ज्वारीचं शेत हलावं तशी. पोळ्यावर बाहेरून चिकटलेल्या माशा एकीपाठोपाठ एक पोट उचलत असतात. ‘पाहिलंय तुला’ एवढंच त्यांना सांगायचं असतं. लाटा भराभर यायला लागल्या तर तिथून हला.

त्यांना चिडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत : धूर, सेंट-डिओचा वास, कड्याखाली मारलेल्या आरोळ्या, भिरकावलेला दगड, ड्रोन. मागच्या ग्रुपने चूल पेटवावी आणि प्रसाद तुम्हाला मिळावा, असंही होतं. म्हणून पायथ्याला विचारायचंच. रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीत एका मामांनी मला हटकलं होतं, “पावनं, नाळेनं नगा जाऊ, माश्या उठल्यात कालधरनं.” नाळ म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ. मी मुकाट्याने चहा प्यायलो आणि पुढची एसटी धरली.

माशा अंगावर आल्याच तर?

पहिली एक-दोन आली, डोक्याला ढुसण्या देऊ लागली, तेव्हाच निघा. हात झाडू नका. चिरडलेल्या माशीतून आणि रुतलेल्या नांगीतून एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि तो बाकीच्यांना बोलावणं धाडतो. तोंड, नाक, डोळे जॅकेटने झाका, पायाखालचं दिसेल एवढी फट ठेवा आणि आलात त्या दिशेने सरळ चालू लागा. वाट सपाट असेल तर पळा. शे-दोनशे मीटरवर थांबू नका, आग्या त्यापेक्षा बराच लांब पाठलाग करते. घर, गाडी, मंदिराचा बंद गाभारा मिळाला तर उत्तम. नाहीतर दाट कारवीत किंवा घाणेरीत घुसा. टाक्यात उडी मारू नका. माशा वर घिरट्या घालत थांबतात आणि श्वासाला डोकं वर काढावंच लागतं.

आणि कड्यावर, अरुंद वाटेवर असलो तर?

इथे मात्र पळायचं नाही. माशांपासून पळताना घसरून दरीत जाणं हे डंखांपेक्षा वाईट. कातळाकडे तोंड करून बसा, डोकं गुडघ्यांत घाला, वरून जे असेल ते ओढून घ्या आणि अजिबात हलू नका. जुने धनगर घोंगडी पांघरून असेच पडून राहतात. घोंगडी आपण नेत नाही, पण जाडसर पूर्ण बाह्यांचं जॅकेट किंवा सोलापुरी चादर दिवसाच्या सॅकमध्ये सहज मावते. मी उन्हाळ्यातसुद्धा चादर नेतो आणि त्यावरून माझी थट्टा होते.

नांग्या जितक्या लवकर निघतील तितकं बरं. नखाने खरवडा किंवा चिमटीने ओढा, पद्धतीचा घोळ घालत बसू नका. डंख दहा-वीसच्या पुढे असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, दम लागणं, चक्कर यांपैकी काहीही दिसलं तर ती ॲलर्जी आहे आणि ताबडतोब ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. मधमाशीची ॲलर्जी आधीपासून ठाऊक असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आणि सोबतीशिवाय कड्याकपारीत जाऊ नका. हे मी एरवी कुणाला सांगत नाही, पण यात तडजोड नाही.

साप टाळायचे कसे?

साप तुमची चाहूल जमिनीच्या कंपनातून घेतो. पाय आपटत चाला, काठी पुढे टेकवत चाला. गवतात लपलेल्या पायरीवर पाऊल टाकण्याआधी काठी टाका. हात दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, हा एक नियम पाळलात तरी निम्मं काम झालं. सह्याद्रीत चढताना आपण वरच्या खोबणीत आंधळेपणाने बोटं घालतो, आणि थंडीतल्या सकाळी ऊन खात कुणीतरी तिथेच बसलेलं असतं. पायांत घोट्यापर्यंत बूट आणि सैल फुल पँट. शॉर्ट्स गडाखालच्या हॉटेलात घाला.

फुरसं एकदा जवळून पाहून ठेवण्यासारखं आहे, अर्थात सर्पमित्राच्या बरणीत. ते एवढंसं असतं की लोक त्याला पिल्लू समजतात. जांभ्याच्या मातीचा रंग, डोक्यावर बाणासारखी खूण. घाबरलं की आठच्या आकड्यासारखं वेटोळं करून अंग अंगावर घासतं आणि तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा चर्र आवाज येतो. देवगड-रत्नागिरीच्या सड्यांवर दगड उलटताना त्याचा विसर पडू देऊ नका. घोणस जाडजूड, सुस्त, पाठीवर साखळीसारखे गोल. तिला अजगर समजून हात लावणारे महाभाग दरवर्षी निघतात. ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. तो आवाज आला की जागीच थांबा, कुठून येतोय ते बघा आणि मगच मागे व्हा.

एकटा असताना साप चावला तर नेमकं काय करायचं?

आधी त्याच्यापासून चार-पाच पावलं दूर व्हा. तो दुसऱ्यांदा चावू शकतो. मग बसा. घड्याळ बघा आणि वेळ लक्षात ठेवा. अंगठी, घड्याळ, कडं, पायातली पट्टी लगेच काढा, कारण सूज चढली की ती रुतते. चावलेल्या अवयवाला काठी आणि रुमाल वापरून सैलसर आधार द्या, मोडलेलं हाड बांधतात तसा. रक्त थांबेल असं आवळून बांधायचं नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, दारू नाही. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

आता १०८ ला फोन. रेंज असेल तर जिथे आहात तिथेच राहा, ठिकाण सांगा, आणि त्याच दमात पायथ्याच्या गावातल्या ओळखीच्याला फोन करा. १०८ची गाडी पोचायच्या आधी गावची पोरं पोचतात. ‘चालू नका’ हा सल्ला पुस्तकात बरोबर आहे, पण रेंज नसेल, वाटेवर कुणी नसेल, तर बसून राहिल्याने प्रतिविष तुमच्याकडे चालत येणार नाही. अशा वेळी हळू, थांबत थांबत, काठीच्या आधाराने खाली उतरा. धावायचं नाही. रेंज आली किंवा माणूस दिसला की पुढचं चालणं बंद. सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून वेळ लिहा, डॉक्टरला ती रेघ फार उपयोगी पडते.

फोनवर विचारा, “सापाची लस आहे का?” आणि नसेल तर जिथे आहे त्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात थेट चला. वाटेत भगत, मांत्रिक, मुळी-पाला नको. बिनविषारी साप मांत्रिकाने बरा केला, ही त्याची जाहिरात असते.

साप ओळखता आला नाही तर उपचार होत नाहीत का?

होतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं. घोड्यांना विष थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. मुंबईत परळची हाफकिन संस्था त्यासाठी जुनी प्रसिद्ध. त्यामुळे साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही. मेलेल्या सापाचं डोकंही चावतं. लांबून फोटो सहज मिळाला तर ठीक.

झाडावरचा हिरवा चापडा मात्र या चौघांत बसत नाही. आंबोली, कोयना, भीमाशंकरच्या ओल्या रानात तो फांदीवर पानासारखा पडून असतो, म्हणून तिथे हात टेकताना फांदीही बघा. त्याच्या दंशाने खूप दुखतं, सुजतं, पण जीव जाणं दुर्मिळ. तरीही दवाखाना हवाच. मण्यार चावलेलं कळतही नाही, पण ती रात्रीची. पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं ही तिची आणि नागाची लक्षणं.

विंचवाला एवढं महत्त्व का?

कारण ‘विंचू चावला, दुखून थांबेल’ हा समज. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण घात करतो तो लहानखुरा, तांबूस. कोकणात त्याने माणसं दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रायगडावरून दिसणाऱ्या त्याच मुलखात हे काम झालं. डंखानंतर भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड अशी लक्षणं दिसली तर विष हृदयावर काम करतंय. प्राझोसिन डॉक्टरनेच द्यायचं, सॅकमध्ये ठेवून स्वतः नाही. बाकी काळजी साधी : जेवायला बसण्याआधी दगड काठीने हलवा, काढून ठेवलेला बूट झटकून घाला.

गवा शांत असतो ना?

दिसतो. राधानगरी-दाजीपूर, कोयना, आंबोलीच्या वाटांवर तो म्हशीसारखा चरत उभा असतो आणि लोक सेल्फीला जातात. नराचं वजन टनाच्या आसपास जातं आणि तेवढा ऐवज आश्चर्यकारक वेगाने पळतो. डिसेंबर २०२० मध्ये एक गवा पुण्यात कोथरूडला आला, गर्दीने त्याला पळवून पळवून बेजार केलं आणि तो मेला. रानात गवा अडला तर ही बाजू उलटते.

पन्नास मीटर हे कमीत कमी अंतर. एकटा नर असेल तर आणखी जास्त. कळपात वासरू असेल तर त्याच्या आणि आईच्या मध्ये चुकूनही जाऊ नका. डोकं खाली घालून फुस्स केलं, पुढचा पाय आपटला, की तो सांगून झाला. मागे सरका. अंगावर आला तर मोकळ्या माळावर पळत सुटू नका, जाड बुंध्याआड व्हा किंवा उंच कातळावर चढा. वाट अडवून उभा असेल तर वीस मिनिटं बसा. तुमच्या वेळापत्रकाशी त्याला काही देणं-घेणं नाही.

यूट्यूबवर अस्वलांसाठी घंटा आणि स्प्रे सांगतात, ते न्यायचं का?

ते अमेरिकेतल्या अस्वलांचं. आपलं काळं अस्वल कोयना, चांदोली, जावळीच्या रानात आहे, संख्येने थोडं. ते वारुळात किंवा करवंदाच्या जाळीत तोंड खुपसून असतं तेव्हा त्याला आजूबाजूची शुद्ध नसते, आणि तुम्ही दोन हातांवर येऊन ठेपता. तेव्हा ते घाबरून धरतं, तेही तोंडाला. जाळीजवळ बोलत, खोकत जा. कानात इयरफोन घालून चालणं सगळ्यात मूर्खपणाचं, आणि हे फक्त अस्वलासाठी नाही. धरलंच तर पालथे पडा, बोटं मानेमागे गुंफा.

माकडांना काय घाबरायचं?

सिंहगड, माथेरान, महाबळेश्वर या ठिकाणी त्यांना आपणच शिकवलंय. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कुरकुर आवाज म्हणजे त्यांची जेवणाची घंटा. खाऊ सॅकच्या आत, हातात काही नाही. पिशवी ओढली तर सोडून द्या. दात दाखवून हसू नका, त्यांच्या भाषेत ती धमकी. चावा किंवा ओरखडा झाला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही : काळतोंडी वानरं कड्यावरून पळताना दगड पाडतात. अरुंद नाळेत वर खसखस ऐकू आली तर वर तोंड करून बघत उभे राहू नका, भिंतीला चिकटा. मी नाळेच्या वाटांना हेल्मेट घालतो ते यासाठी.

गडावरचं कुत्रं सोबत येतं, येऊ द्यायचं का?

प्रेमळ असतात बिचारी, पण बिबट्याला कुत्रं फार आवडतं. संध्याकाळच्या वेळी सोबतीला कुत्रं असणं म्हणजे आमंत्रण. दिवसा यायचं तर येऊ दे.

धनगरवाड्यावरची कुत्री निराळी. मला आजवर खरं घाबरवलं असेल तर त्यांनी. वाडा दिसला की लांबूनच हाक द्या, “ओ मामा, कुत्री आवरा!” कुत्री आली तर थांबा, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा, पळू नका.

रानडुक्कर?

डुक्कर सहसा पळतं. पिल्लांची आई आणि जखमी डुक्कर सोडून. त्याच्यापेक्षा त्याच्यासाठी लावलेल्या गोष्टींची काळजी घ्या : शेताच्या कडेची विजेची तार, तारेचे फासे, आणि खाण्याच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब. रानात पडलेला असा कुठलाही गोळा काठीनेही हलवू नका.

जळवा आणि गोचीड?

जळवांचं फार मनावर घेऊ नका. मीठ किंवा तंबाखूचं पाणी, आणि लागलीच तर नखाने सरकवा. थोडा वेळ रक्त वाहत राहतं, कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही. गोचिडीचं मात्र घ्या, विशेषतः सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे जानेवारी ते मे. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात १९५७ मध्ये सापडलेला, गोचिडीतून पसरणारा माकडताप तिथवर आला आहे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला १९२६ वर कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंग नीट तपासा, आणि पुढच्या आठवड्याभरात ताप आला तर कुठे फिरून आलात ते डॉक्टरला आधी सांगा.

परवानगी लागते का?

अभयारण्यात लागते. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. बामणोलीला वनखात्याकडून परवानगी घेऊन लाँचने जावं लागतं, पावसाळ्यात बंद. तिथे एकट्याने हिंडायचा हट्ट धरू नका. इतरत्र चौकी असेल तर वहीत नाव लिहा. पावतीचे पैसे वाचवण्यापेक्षा आपण आत आहोत हे कुणाला तरी ठाऊक असणं स्वस्त पडतं.

कुणाला काय सांगून जायचं?

‘ट्रेकला चाललोय’ हे सांगणं नव्हे. घरच्या एका माणसाला लिहून द्या : कुठला गड, कुठल्या गावातून, कुठल्या वाटेने वर आणि कुठल्या वाटेने खाली, सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा. त्यात पायथ्याच्या गावातला एक नंबर, ११२, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर आधीच शोधून लिहा. ठरलेली वाट आयत्या वेळी बदलायची नाही. बदलायचीच असेल तर रेंजमध्ये असताना कळवून.

गळ्यात शिट्टी. मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. आवाज बसतो, शिट्टी बसत नाही.

आणि पायथ्याला जिथे चहा घेतला तिथे सांगून निघा. उतरल्यावर त्याच ठिकाणी तोंड दाखवा, घाई असली तरी. एकदा मी दुसऱ्या वाटेने उतरून परस्पर एसटीत बसलो. रात्री नऊला त्या टपरीवाल्या मावशींचा फोन : तिचा नवरा आणि दोन पोरं टॉर्च घेऊन मला शोधायला माचीवर चढली होती.